हवामानाच्या वाटाघाटी आणि सोलापूरची नोंदवही

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने पात्र सोडले आणि माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर या तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. एरवी टँकरची वाट पाहण्याची सवय असलेल्या या पट्ट्यात पुढचे काही आठवडे महसूल व कृषी खात्याचे कर्मचारी चिखल तुडवत पंचनामे करीत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधील बेलेम या शहरात संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक कराराची तिसावी परिषद भरली. बदलत्या हवामानाशी शेतीने कसे जुळवून घ्यायचे, त्यासाठी पैसा कोणी द्यायचा, हे तेथील चर्चेचे विषय होते. म्हणजे विषय सीनाकाठचाच होता. परंतु पंचनाम्याचा कागद तहसील कचेरीतून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तेथून मंत्रालयात जातो. मदतीची रक्कम ठरली की त्याचे काम संपते. बेलेमच्या टेबलापर्यंत तो पोहोचत नाही आणि पोहोचलाच, तरी त्या स्वरूपात तेथे कोणी त्याला पुरावा मानणार नाही.

गावातल्या नुकसानीचे आंतरराष्ट्रीय वाटाघाटीत चालेल अशा पुराव्यात रूपांतर कोण करते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘विद्यापीठे आणि संशोधन संस्था’ असेच येते. हवामान परिषदांच्या बातम्यांत मंत्री दिसतात, पंतप्रधानांची भाषणे दिसतात, बाहेर फलक घेऊन उभे असलेले तरुण दिसतात. विद्यापीठे सहसा दिसत नाहीत. त्यामुळे त्यांचा या सगळ्याशी संबंध काय, हे समजून घेण्याजोगे आहे. सोलापूरसारख्या जिल्ह्याला तर ते अधिकच गरजेचे आहे.

आधी सभागृहाची रचना पाहू. १९९२ मध्ये रिओ येथे झालेला हवामान बदलविषयक आराखडा करार १९९४ मध्ये अमलात आला आणि १९९५ मध्ये बर्लिनला त्याची पहिली परिषद झाली. या परिषदेलाच ‘कॉप’ म्हणतात. करारावर सही करणारी राष्ट्रे हीच तेथील पक्षकार. निर्णय त्यांनी घ्यायचे आणि तेही मतदानाने नव्हे, तर सर्वसहमतीने. विद्यापीठाला तेथे मत नाही. मात्र कराराच्या सातव्या कलमात निरीक्षकांसाठी दार ठेवलेले आहे. विषयाशी संबंध असलेली कोणतीही पात्र संस्था अर्ज करू शकते आणि हजर राष्ट्रांपैकी किमान एकतृतीयांश राष्ट्रांनी हरकत घेतली नाही, तर तिला प्रवेश मिळतो. अशा निरीक्षकांचे नऊ गट आहेत. उद्योगांचा एक, पर्यावरणवादी संस्थांचा एक, शेतकऱ्यांचा, आदिवासी समूहांचा, महिला संघटनांचा, तरुणांचा, असे ते गट. विद्यापीठे व संशोधन संस्था यांच्या गटाला ‘रिंगो’ असे संक्षिप्त नाव आहे आणि त्याला २००३ मध्ये मान्यता मिळाली.

निरीक्षकाचा बिल्ला मिळाला म्हणजे वाटाघाटीत भाग घेतला, असा समज होऊ नये. उघड्या बैठकांत मागच्या रांगेत बसता येते, गटाच्या वतीने दोन-तीन मिनिटांचे निवेदन करता येते, एखादे छोटे चर्चासत्र भरवता येते. चर्चा ऐन मुद्द्यावर आली की अध्यक्ष बैठक बंद करतात आणि निरीक्षकांना बाहेर यावे लागते. दुबईच्या २०२३ च्या परिषदेला ऐंशी हजारांवर माणसे जमली होती. त्यांतील प्रत्यक्ष मजकुरावर बसलेली माणसे शेकड्यांत मोजावीत इतकीच असतील. बाकी सारी जत्रा. आपल्याकडच्या काही संस्थांच्या संकेतस्थळांवर परिषदेच्या फलकापुढे काढलेली छायाचित्रे मोठ्या हौसेने लावलेली असतात. त्यात गैर काही नाही. पण त्याला सहभाग म्हणणे जरा जास्तच होते.

एका शब्दाची किंमत

मग खरा सहभाग कुठे असतो? त्यासाठी या वाटाघाटी प्रत्यक्षात कशा चालतात, हे पाहावे लागेल. समोर एक मसुदा असतो. ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकोनी कंसात ठेवले जातात. एकाच वाक्यात पाच-सहा कंस, प्रत्येक कंसात दोन-तीन पर्याय, असे मसुदे पहिल्यांदा पाहणाऱ्याला डोके चक्रावून टाकतात. वाटाघाट म्हणजे हे कंस एकेक करून काढणे. त्यामुळे सारी लढाई शब्दांची असते.

पॅरिसमध्ये १२ डिसेंबर २०१५ रोजी करार मंजूर होण्याच्या ऐन वेळी चौथ्या कलमातील एका क्रियापदावरून सभा खोळंबली होती. विकसित राष्ट्रांनी उत्सर्जन कपातीत पुढाकार ‘घेतलाच पाहिजे’ असे बंधनकारक रूप मसुद्यात होते. अमेरिकेला ते चालण्यासारखे नव्हते. अखेर तांत्रिक दुरुस्ती म्हणून त्याजागी ‘घ्यावा’ अशा अर्थाचे सौम्य रूप वाचून दाखवण्यात आले आणि करार झाला. मराठीत ‘घेतलाच पाहिजे’ आणि ‘घ्यावा’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच इंग्रजीतही आहे.

दुसरा शब्द सोलापूरकरांच्या अधिक जवळचा आहे. ग्लासगो येथे १३ नोव्हेंबर २०२१ रोजी समारोपाच्या सभेत भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी कोळशाविषयीच्या वाक्यात बदल सुचवला. कोळशाचा वापर ‘संपवत नेणे’ याऐवजी ‘कमी करत नेणे’ असे शब्द आले. जगभर त्यावर टीका झाली. काही छोट्या द्वीपराष्ट्रांनी नाराजी उघड बोलून दाखवली. भारताचे म्हणणे असे होते, की तेल आणि वायू यांचे नाव न घेता फक्त कोळशावर बोट ठेवणे म्हणजे गरीब देशांच्या इंधनाला वेगळा न्याय लावणे होय. त्या वेळी दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीजवळ राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळाचे प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच उभे होते. पहिला २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये सुरू झालेला. असे केंद्र तीस-चाळीस वर्षे चालावे, या हिशेबाने बांधतात. ‘संपवत नेणे’ आणि ‘कमी करत नेणे’ यांच्या मधल्या जागेत सोलापूरचे हे १३२० मेगावॉट येतात. त्या केंद्रावरील रोजगार, त्याच्या धुराचा आसपासच्या शेतांवरील परिणाम, त्याच्या जागी सूर्यऊर्जा आली तर कोणाचे काय जाईल, याचा अभ्यास दिल्लीत बसून होत नाही. तो येथेच व्हायला हवा.

शब्दामागे आकडा लागतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण १९९० च्या दशकाच्या आरंभीचे आहे. भाताच्या पाणथळ खाचरांतून मिथेन वायू बाहेर पडतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने आपल्याकडील मोजमापांच्या आधारे असा अंदाज बांधला होता, की भारतातील भातशेतीतून वर्षाला ३७ दशलक्ष टनांहून अधिक मिथेन बाहेर पडतो. हा आकडा तसाच राहिला असता, तर हवामान बिघडवल्याचा दोष भारतातील भात उत्पादक शेतकऱ्याच्या माथी बसला असता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशभरातील निरनिराळ्या भातखाचरांत प्रत्यक्ष मोजणी करण्यात आली. आकडा निघाला सुमारे ४ दशलक्ष टन. जवळपास नऊपटींचा फरक! तो परदेशी अंदाज वाईट हेतूने केला होता असे नव्हे. दुसऱ्या प्रदेशातली माती आणि दुसऱ्या पद्धतीची शेती यांचे मोजमाप येथे लागू केले की असेच होते. मोजमाप आपले नसेल, तर दुसऱ्याचे मोजमाप आपल्यावर लागू होते, हे तेव्हा भारतीय शास्त्रज्ञांना चांगलेच कळले.

मुंबईची परिषद, तुळजापूरचे शेजारी

महाराष्ट्रातील एका विद्यापीठाने या वाटाघाटीत थेट भर घातल्याचे उदाहरण म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचे मुख्यालय मुंबईत असले, तरी सोलापूरकरांना ती परकी नाही. सोलापूरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर तुळजापूर येथे तिचे ग्रामीण विकासाचे केंद्र १९८० च्या दशकापासून आहे.

या संस्थेतील प्रा. टी. जयरामन, तेजल कानिटकर, मारिओ डिसूझा आणि दिल्ली सायन्स फोरममधील त्यांचे सहकारी यांनी २००९-१० च्या सुमारास ‘कार्बन अंदाजपत्रका’चे एक गणित मांडले. कल्पना अवघड नाही. पाच भावांची एक सामाईक विहीर आहे असे समजा. विहिरीत पाणी मोजके आहे. थोरल्याने आणि दुसऱ्याने फार पूर्वी इंजिने लावून अर्ध्याहून अधिक पाणी उपसले, ऊस काढला, पक्की घरे बांधली. धाकट्यांच्या हाती आता कोठे मोटार आली आहे. अशा वेळी ‘यापुढे सर्वांनी सारखाच उपसा कमी करू’ असे थोरल्यांनी म्हणणे हा न्याय झाला का? वातावरण ही तशी विहीर आहे. तापमानवाढ एका मर्यादेत ठेवायची, तर एकूण किती कार्बन डायऑक्साईड सोडता येईल हे विज्ञान सांगू शकते. हे एकूण प्रमाण लोकसंख्येच्या हिशेबाने वाटले, तर प्रत्येक देशाचा वाटा निघतो आणि कोणी आपल्या वाट्यापेक्षा किती जास्त उचलले, तेही निघते.

आयपीसीसी या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सहाव्या अहवालातील आकडे हेच चित्र दाखवतात. १८५० ते २०१९ या काळात मानवाने सुमारे २,४०० अब्ज टन कार्बन डायऑक्साईड वातावरणात सोडला. तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याची निम्मी शक्यता ठेवायची असेल, तर २०२० पासून पुढे अवघे ५०० अब्ज टन शिल्लक होते. म्हणजे विहिरीतील पाच हिश्श्यांपैकी चार हिस्से उपसून झाले होते. या उपशात उत्तर अमेरिकेचा वाटा २३ टक्के, युरोपचा १६ टक्के आणि भारतासह साऱ्या दक्षिण आशियाचा ४ टक्के.

जयरामन आणि सहकाऱ्यांच्या मांडणीत आणखी एक टोचणारा मुद्दा होता आणि तो भारतीय वाचकाला तितकासा सुखावणारा नाही. हक्काचा वाटा आणि प्रत्यक्ष हाती येणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी दाखवले. विहीरच उपसली गेली असेल, तर कागदावर हक्क कितीही मोठा असो, बादलीत पाणी येत नाही. तेव्हा भारताने न्याय्य वाटा मागावा, पण तो संपूर्ण वापरायला मिळेल या भरवशावर ऊर्जेचे नियोजन करू नये.

२८ व २९ जून २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या सहकार्याने या विषयावर टाटा संस्थेत आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तत्कालीन मंत्री जयराम रमेश यांना या प्रश्नात रस होता. त्याच वर्षअखेरीस मेक्सिकोतील कानकुन येथे झालेल्या करारात ‘शाश्वत विकासाची न्याय्य संधी’ या अर्थाचा शब्दप्रयोग आला. पुढल्या वर्षी, २०११ मध्ये, भारत, चीन, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांच्या तज्ज्ञांनी मिळून याच शब्दप्रयोगाचा शास्त्रीय अर्थ सांगणारा ग्रंथवजा अहवाल तयार केला आणि तो डर्बनच्या परिषदेत मांडण्यात आला. भारताच्या बाजूचे लेखन मुख्यतः टाटा संस्थेतील याच मंडळींचे होते.

याचा परिणाम काय झाला? खरे सांगायचे तर वाटणीचे सूत्र कोणत्याही करारात आले नाही. पॅरिसमध्ये प्रत्येक देशाने आपापले लक्ष्य आपणच ठरवावे अशी पद्धत स्वीकारली गेली आणि न्याय्य वाटणीचा प्रश्न बाजूला पडला. ‘हवामान न्याय’ हा शब्द पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत आहे; पण ‘काहींच्या दृष्टीने महत्त्वाची’ संकल्पना अशा, अंग चोरून घातलेल्या वाक्यात. तरीही ते गणित वाया गेले असे म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये शर्म अल शेख येथे भारताने आपला दीर्घकालीन अल्प-उत्सर्जन विकासाचा आराखडा सादर केला. जागतिक कार्बन अंदाजपत्रकात आपल्याला न्याय्य वाटा मिळायला हवा, ही त्या आराखड्याची पायाभूत भूमिका आहे. मुंबईतल्या एका विद्यापीठात चर्चिलेले सूत्र बारा वर्षांनी राष्ट्राच्या अधिकृत दस्तऐवजात उतरले. विद्यापीठाचा सहभाग असा असतो. संथ, अर्धवट यशाचा आणि छायाचित्रात न येणारा.

कोरोनिविया आणि सोलापूर

शेतीच्या बाबतीत सोलापूरचा संबंध आणखी थेट आहे. हवामानाच्या वाटाघाटीत शेती हा विषय बरीच वर्षे अडगळीत होता. २०१७ मध्ये फिजीच्या अध्यक्षतेखाली बॉन येथे झालेल्या परिषदेत त्यावर संयुक्त काम सुरू करण्याचे ठरले आणि त्या कामाला ‘कोरोनिविया’ हे नाव मिळाले. कोरोनिविया हे फिजीतील एक ठिकाण. तेथे त्या देशाचे कृषी संशोधन केंद्र आहे. प्रशांत महासागरातील एका छोट्या देशातील या ठिकाणाचे नाव जगाच्या कागदपत्रांत गेले, ही गोष्ट सोलापूरकरांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण तसे केंद्र आपल्याकडेही आहे आणि ते पुष्कळ जुने आहे.

१९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे व्ही. ए. ताम्हणे... अशा नावांच्या यादीत न शिरता इतकेच सांगू, की मुंबई इलाख्यात कोरडवाहू शेतीचे प्रयोग विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सुरू झाले आणि १९३३ मध्ये तत्कालीन शाही कृषी संशोधन परिषदेने देशात जी कोरडवाहू संशोधन केंद्रे उघडली, त्यांत सोलापूर होते. विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक ही इतर. या कामाचे अध्वर्यू एन. व्ही. कानिटकर यांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊस किती पडला, त्यातला जमिनीत किती मुरला, किती वाहून गेला आणि जाताना किती माती घेऊन गेला, हे वर्षानुवर्षे मोजणे हा त्या कामाचा कणा होता. पुढे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी, या विद्यापीठाकडे हे केंद्र आले. १९७० मध्ये अखिल भारतीय कोरडवाहू संशोधन प्रकल्प सुरू झाला, त्यातही सोलापूर आहे. रब्बी ज्वारीसाठी बंदिस्त वाफे करून ओल धरून ठेवणे, पेरणीची योग्य वेळ साधणे, दोन ओळींतले अंतर वाढवणे, या शिफारशी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला आता इतक्या परिचयाच्या आहेत, की त्यांच्यामागे संशोधन असेल असे त्याला वाटतही नाही. मालदांडी ज्वारीचा ‘एम ३५-१’ हा वाण तर मोहोळचा. 

आंतरराष्ट्रीय भाषेत याला ‘अनुकूलन’ म्हणतात. आपल्याकडे त्याला शेती म्हणत. कोरोनिवियाच्या चर्चांत नेमके हेच विषय होते: मातीतील ओलावा व कर्ब, पाण्याचा वापर, पशुधन, लहान शेतकऱ्यांची उपजीविका. त्यावर राष्ट्रांनी आणि निरीक्षक संस्थांनी लेखी निवेदने पाठवावीत, असे आवाहन वेळोवेळी करण्यात आले. शर्म अल शेख येथे २०२२ मध्ये या कामाला चार वर्षांची मुदतवाढ मिळाली. विकसित देशांचा आग्रह असतो, की शेतीने उत्सर्जनही कमी करावे. भारत सातत्याने म्हणतो, की दोन-चार एकरांच्या शेतकऱ्यापुढचा प्रश्न तगण्याचा आहे, कपातीचा नाही. ही भूमिका योग्यच आहे. परंतु ती भाषणात मांडणे वेगळे आणि नव्वद वर्षांच्या नोंदी समोर ठेवून मांडणे वेगळे. पूर्वी पेरणीच्या काळात ओल किती असे, आज किती असते, हस्ताच्या पावसावर विसंबून राहणे कितपत शक्य आहे, बंदिस्त वाफ्यांमुळे दुष्काळी वर्षांत उत्पादनात किती फरक पडतो, या प्रश्नांची उत्तरे ज्या थोड्या ठिकाणी आकड्यांत देता येतील, त्यांत सोलापूर आहे.

बेलेममध्ये २०२५ साली अनुकूलनाची प्रगती मोजण्यासाठी ५९ निर्देशक स्वीकारले गेले. तज्ज्ञांनी सुचवलेल्या शंभरांच्या यादीतून काटछाट होऊन ते आले आणि त्यांवर बरेच वादही झाले. निर्देशक ऐच्छिक आहेत, असेही त्यात लिहून ठेवले आहे. तरी एकदा मोजपट्टी तयार झाली, की पुढे निधी तिच्याकडे पाहूनच वाटला जाणार, हे कोणत्याही जिल्हा नियोजन समितीत बसलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही. ‘सिंचनाखालील क्षेत्र वाढले’ यालाच अनुकूलन मानले, तर उसाचा पट्टा अनुकूल ठरेल आणि मंगळवेढ्याची कोरडवाहू ज्वारी मागास ठरेल. उजनीचे पाणी पिणारा ऊस अवर्षणाच्या वर्षी काय करतो, हे आपण २०१५-१६ मध्ये पाहिले आहे. मोजपट्टी कोणाच्या अनुभवावरून आखली जाते, हा म्हणूनच केवळ तांत्रिक प्रश्न नाही.

आता पुन्हा सीनेच्या पुराकडे येऊ. विकसनशील देशांच्या तीस वर्षांच्या मागणीनंतर २०२२ मध्ये ‘हानी व नुकसान’ निधी स्थापन करण्याचा निर्णय झाला. त्याच्या काही आठवडे आधी पाकिस्तानात प्रचंड पूर आला होता. लंडनच्या इंपिरियल कॉलेजसह अनेक विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनी झपाट्याने अभ्यास करून सांगितले, की सिंध व बलुचिस्तानातील पाच दिवसांचा तो पाऊस तापमानवाढीमुळे पन्नास टक्क्यांपर्यंत अधिक तीव्र झाला असण्याची शक्यता आहे. अभ्यासात अनिश्चितता मोठी होती आणि शास्त्रज्ञांनी ती लपवली नाही. पण त्या वर्षी विकसनशील देशांच्या गटाचे अध्यक्षपद पाकिस्तानकडेच होते आणि त्यांच्या हातात केवळ शोककथा नव्हती, शास्त्रीय निष्कर्षही होता.

असा अभ्यास करायचा तर दीर्घकाळच्या दैनंदिन पावसाच्या नोंदी लागतात. मग तापलेल्या जगात असा पाऊस पडण्याची शक्यता किती आणि न तापलेल्या जगात किती, याची संगणकीय प्रतिमानांच्या आधारे तुलना करतात. हे ज्ञान महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे आर. कृष्णन हे आयपीसीसीच्या सहाव्या अहवालातील जलचक्रावरील प्रकरणाचे एक समन्वयक लेखक होते. याच संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात विमानातून ढगांवर बीजारोपणाचे प्रयोग केले. निवडक ढगांत सरासरी १८ टक्के अधिक पाऊस मिळाला, असा त्यांचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. त्या निमित्ताने सोलापूरच्या आकाशाची जितकी बारकाईने तपासणी झाली, तितकी देशातल्या फार थोड्या जिल्ह्यांची झाली असेल. पंचनाम्यात किती हेक्टर गेले हे असते. त्यातले किती बदललेल्या हवामानामुळे गेले, हे सांगण्याची साधने आता शंभर-दोनशे मैलांच्या परिघात आहेत.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. एकाच जिल्ह्यासाठी असलेले विद्यापीठ म्हणून तेव्हा काहींनी नाके मुरडली होती. या विषयात मात्र तेच वैशिष्ट्य उपयोगी पडणारे आहे. भूशास्त्र संकुल विद्यापीठात आहे, केगावलाच डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, शहरात कोरडवाहू केंद्र आहे आणि संलग्न महाविद्यालये तालुक्यातालुक्यांत आहेत. पंचनाम्यांच्या नोंदी, पर्जन्यमापकांच्या नोंदी आणि विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी एकत्र आणायच्या, तर एवढे जवळजवळचे भूगोल दुसऱ्या विद्यापीठाला सहसा मिळत नाहीत.

दारे कोणती, हेही सांगायला हवे. निरीक्षकाचा दर्जा हे एक. त्याला वेळ लागतो, अर्जाची छाननी होते आणि दर्जा मिळाला तरी बिल्ले मोजकेच मिळतात. प्रवासाचा व राहण्याचा खर्च जिल्हा विद्यापीठाला सहज झेपणारा नाही. दुसरे दार स्वस्त आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष नसते. आयपीसीसीच्या अहवालांचे मसुदे परीक्षणासाठी खुले होतात, तेव्हा विषयातील जाणकार स्वतःच नाव नोंदवून शेरे पाठवू शकतो. सहाव्या अहवालाच्या पहिल्या खंडावर ७८ हजारांहून अधिक शेरे आले आणि लेखकांना त्यांची दखल घ्यावी लागली. सोलापुरातल्या एखाद्या महाविद्यालयातील भूगोलाच्या प्राध्यापकाला त्यासाठी विमानात बसावे लागत नाही. अट एकच, शेरा प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या आधाराने हवा. तेथेच गाडी अडते. कोरडवाहू शेतीवरील आपला पुष्कळसा अनुभव वार्षिक अहवालांत, शिफारशींच्या मराठी पुस्तिकांत आणि न छापलेल्या प्रबंधांत पडून आहे. आयपीसीसीच्या दृष्टीने तो जवळपास नसल्यासारखाच आहे.

तिसरा मार्ग दिल्लीहून जातो. कृषी विषयाच्या वाटाघाटीला भारताकडून जाणाऱ्या पथकात पर्यावरण मंत्रालयाबरोबर कृषी खात्याची माणसेही असतात. त्यांना टिपणे लागतात, तीही दोन-तीन पानांची, नेमक्या कलमावर बोट ठेवणारी. अशी टिपणे मागितल्यावर लिहायला बसून होत नाहीत. शेतीवरील चार वर्षांच्या संयुक्त कामाचा अहवाल २०२६ च्या एकतिसाव्या परिषदेपुढे ठेवायचा असे शर्म अल शेख येथे ठरले होते. त्यानंतर या कामाला नवे रूप कोणते द्यायचे, यावरची निवेदने आणि कंसांतले मसुदे यांची फेरी अर्थातच पुन्हा सुरू होते आणि त्या फेरीत सोलापूरच्या रब्बी ज्वारीचे नाव यायचे असेल, तर कोरडवाहू केंद्राच्या नोंदवह्या आधी कपाटातून बाहेर काढून संगणकावर चढवाव्या लागतील.